वायरिंगमध्ये चूक नाही

कोल्हापूर,
३० ऑक्टोबर २००१

चि. शिवकुमार यास,
आशीर्वाद.

पत्र माझं आहे हे अक्षरावरून कळलंच असेल. बाजूला टाकण्याआधी एवढं वाच, कारण काम तुझ्या आईचं, अव्वाचं आहे.

तू मे महिन्यात पाठवलेला कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत ठेवला आहे. दुकानात अँप्लिफायर ज्या टेबलावर असायचा, तेच टेबल. तुझी सीडी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिळाली. तुझी बहीण विद्याश्री सणाला निपाणीहून, सासरहून आली होती, तिने ती लावून दाखवली. प्रेरणाचे फोटो सगळे दिसले. तीनचाकी सायकलवरचा फार चांगला आहे. पण तुझ्या पोरीचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवतोय असं तू चिठ्ठीत लिहिलं आहेस, ते ऐकू येत नाही. पडद्यावर रेघ पुढे सरकते, सेकंद पडत राहतात, स्पीकर मुका. अव्वा स्पीकरला कान लावून बसली होती. विद्याश्री म्हणाली, "अव्वा, कानात घातलास तरी न्हाई यायचं ते." मग ती म्हणाली, अण्णाला, म्हणजे तुला विचारा, आणि परत निपाणीला गेली.

घरचा फोन मी दुकानाबरोबरच बंद केला. असता तरी माझा आवाज आला की तू ठेवून देणार. म्हणून पत्र.

आधी कॉम्प्युटर चालू करताना सूर वाजायचा. खंडेनवमीपासून तो वाजत नाही. त्या दिवशी आपल्या दुकानाच्या रिवाजाप्रमाणे मशीनच्या सगळ्या पिना काढल्या, मशीन पुसलं, विभूती ओढली, हळदकुंकू लावून पूजेला मांडलं. पूर्वी त्या दिवशी ओटीभर सामान मांडायचो, तुला आठवत असेल. ह्या वर्षी तुझ्या अव्वाचं शिलाई मशीन आणि हे, एवढंच होतं. दसऱ्याला सकाळी पिना परत लावल्या. मी स्वतः लावल्या. चाळीस वर्षं हेच केलं. तेव्हा वायरिंगमध्ये चूक नाही. तिकडे वेळ घालवू नकोस. दोष आतला आहे.

काय करायचं ते अव्वाच्या नावाने कळव. वाचून मी दाखवीन. तिला मराठी अक्षर अजून जुळवून वाचावं लागतं.

अप्पा


कोल्हापूर,
१८ नोव्हेंबर २००१

चि. शिवकुमार यास,
आशीर्वाद.

कार्ड मिळालं. पोस्टाचं साधं कार्ड, वर नाव नाही, खाली सही नाही, मध्ये तीन ओळी. हरकत नाही. दिवाळीत तुझं अक्षर घरात आलं.

तू लिहिलंस तसं केलं. खाली उजवीकडे घड्याळाजवळ स्पीकरचं बारीक चित्र आहे, त्यावर दोनदा माऊस दाबायचा. हे लिहायला सोपं आहे. मी दाबेपर्यंत बाण दुसरीकडे जातो. पाच-सहा वेळा असं झाल्यावर तुझी अव्वा म्हणाली, "उठा तिथनं. सुईत दोरा ओवताना बी असंच करतासा." ती बसली आणि पहिल्या झटक्यात उघडलं. शिलाईचा हात आहे. आत पट्ट्या आल्या. त्या सगळ्या वर होत्या. म्यूटच्या चौकोनात खूण नव्हती. तरी एकदा घालून काढली.

आवाज नाही.

तू विचारलं आहेस की स्पीकरचा लाल दिवा लागतो का. लागतो. बटण फिरवलं की बारीक खरखर येते. म्हणजे स्पीकर जिवंत आहे. स्पीकर बघायला तुला कार्डावर ओळ खर्चायची गरज नव्हती. एवढं मी बघितलेलं असणारच.

अव्वा विचारते की पोर मराठी बोलते की कन्नड. तिचं म्हणणं, बंगळुरात राहून पोर कन्नडच बोलणार, आणि मग सीडी तिला समजेल आणि मला निम्मी समजेल. ती आपली माहेरची अथणीची बाजू लावून धरते.

पुढे काय करायचं ते कळव.

अप्पा


कोल्हापूर,
९ डिसेंबर २००१

चि. शिवकुमार यास,
आशीर्वाद.

दुसरं कार्ड मिळालं. कंट्रोल पॅनेल, मग सिस्टिम, मग डिव्हाइस मॅनेजर. तिथे साउंडच्या नावापुढे पिवळी खूण आहे का बघा, असं लिहिलंस. ही गोष्ट शोधायला आम्हा दोघांना दोन दुपारी लागल्या. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला आहे. डॉक्टर म्हणतात थंडी संपली की काढू. त्यामुळे मी कार्ड वाचायचं आणि अव्वाने पडदा बघायचा. तिला इंग्रजी येत नाही, ती अक्षरांचा आकार सांगते. "पयलं वाकडं हाय, सापागत." म्हणजे एस. असं करत पोचलो. पिवळी खूण कुठेही नाही.

तू शेवटी लिहिलं आहेस की हे पत्राने होणारं काम नाही, राजारामपुरीतून माणूस बोलवा. तो मी बोलावणार नाही. ह्या पेठेत लग्न असो, बारसं असो, निवडणुकीची सभा असो, आवाज माझा असायचा. आता कुणाला तरी बोलावून सांगू, की प्रभुलिंग साऊंड सर्व्हिसच्या घरात आवाज नाही? माणूस पिशवी उचलून घरातून बाहेर पडायच्या आत गोष्ट पापाच्या तिकटीपर्यंत जाईल.

तुला हे पटणार नाही. तुला माझं बरंच काही पटलेलं नाही. मी भांडायला लिहीत नाही. भांडायला आता ताकद लागते.

कर्णे कागलच्या देवळाला दिले, हे विद्याश्रीने तुला सांगितलं असेल. आठही दिले. तुझे बेसचे बॉक्स मी दिलेले नाहीत. ते मागच्या खोलीत आहेत. त्यांच्यावर अव्वाने गाद्या रचल्या आहेत.

सीडी रोज दुपारी लावतो. अव्वा फोटो बघते. रेकॉर्डिंगच्या जागी आली की ती रेघ संपेपर्यंत उठत नाही. तीन मिनिटं दहा सेकंद आहे ते.

आणखी काही करून बघण्यासारखं असेल तर कळव. नसेल तरी कळव.

अप्पा


कोल्हापूर,
२० जानेवारी २००२

चि. शिवकुमार यास,
आशीर्वाद. तिळगूळ वेगळ्या पाकिटातून पाठवला आहे. अव्वाने हाताने केलेला हलवा आहे, पोरीला एकावेळी फार देऊ नका.

तू ड्रायव्हरची सीडी पाठवलीस ती मिळाली. लिहिल्याप्रमाणे टाकली. कॉम्प्युटर दोनदा बंद करून चालू केला. फरक नाही. आवाज अजून नाही.

संक्रांतीला आकाराम आला होता. आपल्याकडे कर्णे बांधायला होता, तुला त्याने खांद्यावर बसवून शिडीवर नेलं होतं, तोच आकाराम. आता कळंब्याला मुलाकडे असतो, गुडघे गेलेत. बसायचं तर आधी खुर्चीला हात लावून ती हलते का बघतो. म्हणाला, "मालक, चाळीस फुटावर बांबूला लटकत हुतो, तवा भ्या वाटलं न्हाय. आता खुर्चीचं वाटतंया." चहा झाला. कॉम्प्युटर बघितला त्याने. जुन्या गोष्टी निघाल्या. तुझ्याबद्दलही बोलला. ते पुढे कधीतरी लिहीन.

कॉम्प्युटरचं पुढे काय करायचं ते सविस्तर कळव. मागच्या कार्डात तू चार पायऱ्या एकदम दिल्या होत्यास. एकेक दिलीस तर आम्हाला सोपं जाईल. घाई नाही. वेळ लागला तरी चालेल.

प्रेरणाला खोकला आहे का? असेल तर अडुळशाचा काढा द्या, मध घालून. इंग्रजी औषधाने खोकला दबतो, जात नाही. तू लहान असताना तुला असाच व्हायचा, बोलता बोलता मध्येच यायचा.

बंगळुरात थंडी किती आहे? अव्वा स्वेटर विणायचं म्हणते. माप पाठव.

अप्पा


कोल्हापूर,
१४ फेब्रुवारी २००२

चि. शिवकुमार यास,
आशीर्वाद.

कार्ड काल मिळालं. पोस्टमन दारात असतानाच उभ्याने वाचलं.

साउंड कार्ड गेलं असावं, नवीन घेऊन ठेवलं आहे, शिवरात्रीला प्रेरणाला घेऊन निपाणीला विद्याश्रीकडे येतोय, दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी तेरा मार्चला, कोल्हापूरला येऊन दोन तासांत कार्ड बसवून जातो. एवढं तू लिहिलं आहेस. मी अव्वाला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिने कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः अक्षर जुळवत वाचलं. मग स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळाने तिथूनच म्हणाली, "दोन तासात जेवण हुतंय का कुणाचं? चार तरी लिवायचं हुतं."

ये.

मला एक गोष्ट कळवायची होती. पण तू येतोच आहेस तर आल्यावर बोलू.

अप्पा


कोल्हापूर,
२७ फेब्रुवारी २००२

चि. शिवकुमार यास,
आशीर्वाद.

आल्यावर बोलू असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. तेरा दिवस विचार केला. आल्यावर मी बोलणार नाही, हे मला माहीत आहे. पोर घरात खेळत असेल, अव्वा वाढत असेल, तू मागच्या बाजूने कॉम्प्युटर उघडून बसलेला असशील, आणि मी म्हणेन, जाऊ दे, पुढच्या खेपेला. म्हणून लिहितो. तुझी अव्वा नको म्हणते आहे. तिचं म्हणणं, येऊ दे की आधी.

कॉम्प्युटरला काही झालेलं नाही. संक्रांतीपासून आवाज येतो आहे.

त्या दिवशी आकाराम चहा पिऊन झाल्यावर कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "ह्येला काय झालंय?" मी सांगितलं, आतला दोष आहे, पोरगा पत्रातून सांगतोय. तो उठला, स्पीकर हातात घेतला, त्याच्या वायरीवर बोट ठेवलं आणि बोट सरकवत मागे गेला. मी म्हणालो, "वायरिंग बघू नकोस, ते मी केलंय." तो म्हणाला, "कर्ण्यापास्नं मागं यायचं, मधलं कायबी सोडायचं न्हाय, असं तुम्हीच शिकवलासा न्हवं मालक?" आणि टेबलामागे वाकला. गुडघ्यामुळे त्याला ओणवं राहता येईना, अव्वाने बॅटरी धरली. कॉम्प्युटरच्या मागे शेजारी शेजारी तीन भोकं आहेत. एक हिरवं, एक गुलाबी, एक निळं. खंडेनवमीला अव्वाने तिथेही बोटभर हळदकुंकू लावलं होतं. तोंडं आहेत म्हणून. त्याखाली रंग दिसत नव्हते, आणि माझ्या डोळ्याला रंगाच्या वरची चित्रं दिसत नव्हती. दसऱ्याला मी स्पीकरची पिन माईकच्या गुलाबी भोकात घातली होती. आकारामने ती काढून शेजारच्या हिरव्या भोकात घातली. एवढंच.

पोरीचा आवाज आला. "अज्जी, केळत्या?" म्हणाली आधी. ऐकू येतंय का विचारते. अव्वाने पडद्याकडे बघून "हां, केळतैती" म्हणून उत्तर दिलं.

ते तुला त्याच दिवशी लिहायला हवं होतं. मी कागद घेतलाही होता. अव्वा म्हणाली, "एवढ्यात नीट झालं म्हणून लिवू नगा. कार्डं यायची बंद हुतील." मला तेच म्हणायचं होतं, तिने आधी म्हटलं. म्हणून जानेवारीत खोटं लिहिलं, आणि त्या खोट्यावर तू यायला निघाला आहेस. ही एक गोष्ट झाली.

दुसरी गोष्ट आकाराम जाताना चपला घालत बोलला. म्हणाला, "मालक, ही पिन तुम्ही चुकून घातलासा. आधीची चुकून न्हवती. पोराला सांगितलासा का कधी?"

सत्त्याण्णव सालच्या अनंत चतुर्दशीची गोष्ट आहे. तुला सांगायला नको, तू ती जन्मभर आठवणार आहेस. पण तू तुझ्या बाजूने आठवत असशील. माझ्या बाजूची ऐक.

तालमीच्या गणपतीपुढे त्या वर्षी पहिल्यांदा तुझे बॉक्स लागले. सहा महिने तू ते मागच्या खोलीत बसून बनवले होतेस. माझे चार कर्णे मागच्या ट्रॉलीवर जनरेटरजवळ बांधून ठेवले होते, लागले तर असावेत म्हणून. मिरवणूक महाद्वार रोडला आली तेव्हा तालमीचे हंबीरराव खालून ओरडले, "मालक, आवाज वाढवा!" मी बटणाकडे हात नेला. ते तुला म्हणत होते. तोपर्यंत मालक म्हटलं की मी. मग एक पोरगं ट्रॉलीवर चढून मला म्हणालं, "अण्णा, जरा बाजूला सरा की, बॉक्स दिसंनात." फोटो काढायचा होता त्यांना. मी सरलो.

सरून मी तुझ्या मिक्सरच्या मागे येऊन उभा राहिलो. तिथून अँप्लिफायरला जाणारी पिन माझ्या हाताशी होती. मी ती ओढली. पाय अडकला नाही, धक्का लागला नाही. हाताने ओढली. आकाराम जनरेटरपाशी होता, त्याने बघितलं.

पुढचं तुला माहीत आहे. आपल्यापुढे शांतता आणि मागच्या मंडळाचा आवाज अंगावर. पोरं शिव्या द्यायला लागली. तू खाली उतरलास आणि मी शिकवल्याप्रमाणे बॉक्सपासून सुरुवात करून एकेक वायर तपासत मागे यायला लागलास. मधलं काही सोडलं नाहीस. गुडघ्यावर रांगत येत होतास. तू त्या पिनेपर्यंत पोचायच्या आत मी ती परत बसवून ठेवली, आणि अँप्लिफायरचं बटण बंद केलं. म्हणजे आवाजही परत येऊ नये आणि तुला पिनही सुटलेली सापडू नये. तोवर हंबीरराव म्हणाले, "अण्णा, तुमचं लावा." मी माझे कर्णे लावले. मिरवणूक घाटापर्यंत माझ्या कर्ण्यांवर गेली. मला फेटा बांधला. तालमीत कुणी विचारलं, पोराचं काय बिघडलं वो, तर मी म्हणालो, "शिकतंय अजून. वायरिंग कच्चं हाय."

हे वाक्य तू दारात उभा राहून ऐकलंस. त्यानंतर तुला पेठेत कुणी काम दिलं नाही, आणि दिवाळीच्या आत तू गेलास. तुझ्या लग्नाला अव्वा आणि विद्याश्री आल्या. दुकान टाकून कसा येऊ, असं मी कळवलं. दुकानात त्या आठवड्यात एकही काम नव्हतं.

बॉक्स तुझे चांगले होते. मी ते ऐकले आहेत. चाळीस वर्षांत मला तसा आवाज काढता आला नाही.

आणखी एकच लिहायचं आहे. ऑक्टोबरात मी तुला लिहिलं, वायरिंगमध्ये चूक नाही, तिकडे बघू नकोस. तू चार कार्डं पाठवलीस. आतलं सगळं विचारलंस, ड्रायव्हरची सीडी पाठवलीस, नवीन साउंड कार्ड विकत घेतलंस. पिन तपासली का, असं एकदाही विचारलं नाहीस. तुझा धंदाच कॉम्प्युटरचा आहे, पहिली गोष्ट तीच विचारतात हे तुला कळत असणार. मी सांगितलं म्हणून तू ते सोडून दिलंस. मी तुझ्या वायरिंगवर ठपका ठेवला आणि तू माझ्या वायरिंगवर शंकासुद्धा घेतली नाहीस.

कॉम्प्युटर चालू आहे. त्यासाठी तुला यायची गरज नाही. हे पत्र तुला चार-पाच मार्चपर्यंत मिळेल. मग तुला वाटेल तसं कर.

अप्पा


कोल्हापूर,
३१ मार्च २००२

चि. शिवकुमार यास,
आशीर्वाद.

तेरा तारखेला अव्वाने पुरण घातलं होतं. निपाणीच्या गाड्या दर अर्ध्या तासाने येतात. संध्याकाळी पाचच्या गाडीपर्यंत मी स्टँडवर होतो. मग घरी आलो. विद्याश्रीचं पत्र नंतर आलं, की तू निपाणीलाही आला नाहीस.

तुझी अव्वा माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. दहाव्या दिवशी बोलली ती एवढंच, की "सांगायचं हुतं तर पाच वर्साआधी सांगायचं. न्हाईतर पंधरा दिस थांबायचं." भाकरी पुढे आली, ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी तालमीत गेलो. सत्त्याण्णवनंतर पायरी चढलो नव्हतो. तुझं नाव जिथे घालवलं, तिथेच सांगायला हवं असं वाटत होतं. आकारामला बरोबर घेतलं होतं, साक्षीला. हंबीरराव ओट्यावर पेपर वाचत होते. भोवती सात-आठ जण होते, निम्मे मला ओळखीचे नव्हते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पिन मी ओढली, पोराचं वायरिंग नीट होतं, मी खोटं बोललो.

हंबीररावांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "कंची मिरवणूक?"

मी साल सांगितलं.

"सत्त्याण्णव? त्या साली ट्रॅक्टरचं चाक बसलंतं न्हवं, बिनखांबी गणपतीपाशी?"

एक जण म्हणाला, "ते अठ्ठ्याण्णव की वो."

"मग सत्त्याण्णवला काय झालतं?"

"आवाज बंद पडलाता," मी म्हणालो.

"आवाज काय, हरसाल पडतोय." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "त्यापायी गेला व्हय तुमचा पोरगा? आम्हाला वाटलं नोकरी लागली." मग आत बघून ओरडले, "आरं, अण्णास्नी खुर्ची द्या. आन् च्या सांगा दोन."

चहा घेऊन आम्ही निघालो. वाटेत आकाराम म्हणाला, "सुटलासा न्हवं मालक?" तुला सांगतो. सुटलो वगैरे काही वाटलं नाही. ज्याच्यासाठी मी तुझं नाव घालवलं ते लोकांच्या ध्यानातही नाही. माझा फेटाही नाही आणि तुझी वायरिंगही नाही. पाच वर्षं ते दोनच माणसांकडे होतं, एक बंगळुरात आणि एक इथे. घरी आलो आणि दुपारभर झोपलो. इतका दमलो होतो.

तुझं कार्ड काल आलं. पाडव्याला येतो, प्रेरणा बरोबर आहे, साउंड कार्ड घेऊन ठेवलंच आहे तर बसवून जातो. आणि अगदी खाली, कडेला, जागा नव्हती तिथे बारीक अक्षरात, "प्रेरणाचा खोकला बरा झाला."

शेवटची ओळ मला आधी कळली नाही. मी अव्वाला वाचून दाखवली, तिलाही कळली नाही. "कवाचा खोकला?" म्हणाली. आज सकाळी दाढी करताना लक्षात आलं. खोकल्याचं मी जानेवारीच्या पत्रात विचारलं होतं. आवाज नाही म्हणून लिहिलं, आणि त्याच कागदावर पोरीच्या खोकल्याचं विचारलं. पोर सीडीत दोनदा खोकते. दुसरीकडून मला कळणारच नव्हतं.

म्हणजे कॉम्प्युटरचा आवाज सुरू झाल्याचं तुला तेव्हाच कळलं होतं. तरी तू नवीन साउंड कार्ड घेतलंस आणि शिवरात्रीला यायचं ठरवलंस. पिनेचं कळल्यावर मात्र थांबलास. तो तुझा हक्क होता. आता परत निघतो आहेस, आणि जे कार्ड लागणार नाही ते बसवायला निघतो आहेस. मी याबद्दल काही लिहीत नाही. लिहायला बसलो तर चुकीचं काहीतरी लिहीन.

पाडव्याला दुपारपर्यंत पोच. अव्वाला चार तास हवे आहेत, हे मागे लिहिलंच होतं. आठ तारखेला माझा डोळा आहे, त्यामुळे पट्टी असेल. पोर घाबरेल, तिला आधी सांगून ठेव. बॉक्सवरच्या गाद्या अव्वाने उतरवल्या आहेत, मी सांगितलं नव्हतं.

कॉम्प्युटरच्या मागचं हळदकुंकू मी ओल्या फडक्याने पुसून काढलं. तिन्ही रंग आता दिसतात, मलासुद्धा. पिना मात्र काढून ठेवलेल्या नाहीत. त्या तू काढ आणि तूच लाव.

अप्पा